पत विचारायला कोण आले होते?

पत ही आपल्याजवळ ठेवायची वस्तू नव्हे, ती दुसऱ्याच्या तोंडी असते. आमच्या नागपुरात जुन्या काळी इतवारीत कुणी उधारीवर माल मागितला, की देणारा लगेच हो-नाही म्हणत नसे. 'उद्या या' म्हणायचा आणि तेवढ्या वेळात शेजारच्या दुकानांतून चौकशी करून यायचा. मोमिनपुऱ्यातल्या विणकराला सूत उधार घेतानाही हाच रिवाज. पण खरी गोम विचारण्यातच होती. एकाने विचारले तर ती चौकशी. पाचांनी विचारले, की बाजार समजायचा, गडी अडचणीत आहे. आमची आजी याला 'साख' म्हणायची. आणि साख विचारण्यानेही झिजते, असे तिचे मत होते.

अमेरिकेत तर या चौकशीचा धंदाच उभा राहिला. 1837 च्या मंदीत हात पोळलेल्या लुईस टॅपन या रेशमाच्या व्यापाऱ्याने 1841 मध्ये न्यूयॉर्कला पेढी काढली. गावोगावचे वकील तिला खबर पुरवीत, कोण सचोटीचा, कोण पितो, कोणाची शेती गहाण आहे. ते सारे जाड वह्यांत उतरे आणि वर्गणीदार व्यापाऱ्यांना सांगितले जाई. ज्याच्याविषयी लिहिले, तो मात्र अंधारात. आपल्याविषयी काय लिहिले आहे हे जाणून घेण्याचा कायदेशीर हक्क तिथल्या सामान्य माणसाला 1970 च्या कायद्याने मिळाला.

आपल्याकडे वहीचे भांडण त्याच्या कितीतरी आधी पेटले होते, तेही अक्षरशः. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि कर्जरोखे, वह्या जाळल्या. चार वर्षांनी, 1879 मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात कर्जदाराला पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क मिळाला. आमच्या मध्य प्रांतात सावकारांनी ऋणकोला हिशेब द्यावा, असा कायदा यायला 1934 साल उजाडले. म्हणजे देण्याघेण्याची वही ऋणकोला दिसू लागली. त्याच्याविषयी कुणी कुठे काय विचारले, हे मात्र अजून बाजाराच्या कानातच होते.

ती कुजबुज आता कागदावर आली आहे. मुंबईत 2000 साली सिबिल स्थापन झाली. पुढे 2005 मध्ये पतमाहिती कंपन्यांसाठी कायदा झाला, आणखी कंपन्या आल्या. आज बँक अर्ज हातात घेते, ती आधी हा अहवाल मागवते. त्यात कर्जे, हप्ते, थकबाकी असते आणि शेवटी एक यादी असते, कोणत्या संस्थेने, कोणत्या तारखेला, कशासाठी चौकशी केली.

माझ्या भाच्याला मालवाहू ऑटो घ्यायचा होता. व्याज कुठे कमी पडते ते बघावे म्हणून त्याने आठवड्याभरात मोबाइलवरून सहा ठिकाणी अर्ज टाकले. सातव्या ठिकाणी नकार मिळाला. अलीकडच्या चौकशा फार आहेत, असे तिथल्या माणसाने सांगितले. "मामू, मी तर एक रुपया घेतला नाही, नुसता भाव विचारला!" पोरगा खरे बोलत होता. मोबाइलचा हप्ताही त्याने कधी चुकवला नव्हता. पण भाव विचारणारा कोण आणि दारोदार पैसे मागणारा कोण, हे यंत्राला कसे कळावे? इतवारीतल्या दुकानदाराला निदान चेहरा दिसत होता.

इथे एक भेद ध्यानात ठेवावा. आपण आपलाच अहवाल पाहिला, तर 300 ते 900 मधला तो आकडा हलत नाही. कर्जाच्या अर्जावरून सावकार संस्थेने पाहिला, तर थोडा खाली येऊ शकतो. एखाद्या चौकशीने आभाळ कोसळत नाही. थकलेला हप्ता त्याहून फार जड. थोड्या दिवसांत दाटीने झालेल्या चौकशा मात्र डोळ्यांत भरतात. अमेरिकेतल्या काही गुणपद्धतींत घर किंवा मोटारीच्या कर्जासाठी अशा चौकशा एकच धरतात. आपण त्या भरवशावर राहू नये. आधी व्याज तोंडी विचारावे, अर्ज एखाद-दुसराच करावा.

रिझर्व्ह बँकेने 2016 मध्ये ठरवल्यापासून प्रत्येक पतमाहिती कंपनीला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. त्यापुढचे पाऊल मला अधिक मोलाचे वाटते. ऑक्टोबर 2023 च्या आदेशानुसार, एखाद्या संस्थेने तुमचा अहवाल उघडला, की मोबाइलवर वा ईमेलवर तशी सूचना यायला हवी. इतवारीत पाठीमागे होणारी चौकशी अशी पहिल्यांदाच तोंडावर आली. म्हणून तो संदेश जाहिरात समजून पुसू नका. तुम्ही अर्जच केला नसेल आणि कुणी अपरिचित संस्था तुमची पत विचारून गेली असेल, तर तक्रार करा. ती 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यापुढे दररोज 100 रुपये भरपाई मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.