छळकर्त्यांचे मृत्यू : लॅक्टँशिअस आणि ईश्वरी सूड

इ. स. ३०३ च्या २३ फेब्रुवारीस, उजाडण्याच्या सुमारास, बिथिनिया प्रांतातील निकोमीडिया नगरीत सम्राट डायोक्लीशनच्या शिपायांनी ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनामंदिराची दारे फोडली. धर्मग्रंथ जाळले गेले, सामानाची लूट झाली, आणि राजवाड्यातून सहज नजरेस पडणारी ती उंच वास्तू काही तासांत भुईसपाट करण्यात आली. दुसऱ्या दिवशी फर्मान निघाले. रोमन साम्राज्यातील ख्रिस्ती प्रजेच्या सर्वांत मोठ्या छळास येथून प्रारंभ झाला. त्याच नगरीत, खुद्द डायोक्लीशनच्या निमंत्रणावरून आफ्रिकेतून आलेला लॅटिन वक्तृत्वशास्त्राचा एक अध्यापक राहत होता. त्याचे नाव लॅक्टँशिअस. नगरी ग्रीकभाषक असल्याने त्याला विद्यार्थी फारसे मिळत नसत. तो स्वतः ख्रिस्ती होता.

सुमारे बारा वर्षांनी, छळ संपल्यावर, याच अध्यापकाने छळकर्त्यांच्या मृत्यूंविषयी एक लहानसा ग्रंथ लिहिला. तो डोनेटस नावाच्या एका धर्मबंधूस उद्देशून आहे. हा डोनेटस सहा वर्षे तुरुंगात होता आणि त्याला नऊ वेळा यातना देण्यात आल्या होत्या. तुझ्या प्रार्थना देवाने ऐकल्या, आपले वैरी धुळीस मिळाले, हे त्याला सांगण्यासाठी ग्रंथाची सुरुवात होते. ग्रंथाचा एकूण सूर ध्यानात घ्यावयाचा तर हा वाचक प्रथम डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे. ज्याच्या अंगावर नऊ छळांचे व्रण आहेत त्याला ईश्वरी न्याय हा केवळ तत्त्वचर्चेचा विषय वाटणे शक्य नव्हते.

ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नाला आधीपासूनच दोन पदर होते. सुडाचा अधिकार देवाने स्वतःकडे राखून ठेवला आहे, माणसाने तो हाती घेऊ नये, असे जुन्या कराराच्या आधाराने पौलाने रोमच्या मंडळीस लिहिले होते. यात माणसाला संयम शिकविला आहे. पण सूड नाहीसा केलेला नाही, तो वरिष्ठ न्यायासनाकडे सोपविला आहे. तो कधी घेतला जाणार, याच जन्मी की अंतिम निवाड्याच्या दिवशी, हा प्रश्न मात्र उघडाच राहिला. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथातील राजा अँटिओकस आणि प्रेषितांच्या कृत्यांतील हेरोद हे दोघेही किडे पडून मेले, अशा कथा वाचकांच्या परिचयाच्या होत्या. त्यामुळे याच जन्मी फळ मिळते या समजुतीला शास्त्राचाही आधार होता.

लॅक्टँशिअसने याची तात्त्विक बाजू ईश्वराच्या कोपावरील एका स्वतंत्र ग्रंथात मांडली. तोही डोनेटसलाच उद्देशून आहे. एपिक्युरसच्या मते ईश्वराला ना ममता, ना क्रोध. स्टोइकांच्या मते ममता आहे, क्रोध नाही. लॅक्टँशिअसला ही दोन्ही मते अमान्य आहेत. जो सज्जनांवर प्रेम करतो त्याला दुर्जनांचा तिटकारा असलाच पाहिजे, आणि ज्याचे भयच नाही त्याची उपासना कोण करील, असा त्याचा युक्तिवाद आहे. येथे त्याने एक महत्त्वाचा भेद केला आहे. क्रोध म्हणजे सुडाची इच्छा ही तत्त्वज्ञांची व्याख्या तो नाकारतो. पापाला आवर घालण्यासाठी उठणारी मनाची ऊर्मी म्हणजे न्याय्य क्रोध, असे तो म्हणतो. घरातील चाकर बिघडले तर धन्याने शांत बसावे काय, असा त्याचा सवाल आहे. विचार म्हणून ही मांडणी तोलामोलाची आहे. छळकर्त्यांच्या मृत्यूंचे वर्णन करताना मात्र हा भेद त्याच्या लेखणीत टिकलेला नाही.

देवाच्या काठीला आवाज नसतो, असे मराठीत म्हणतात. लॅक्टँशिअसला तो आवाज सर्वांना ऐकवायचा आहे. शापूरने २६० मध्ये कैद केलेला सम्राट व्हॅलेरिअन घोड्यावर चढणाऱ्या इराणी राजाला पाठीची पायरी करून देतो आणि मेल्यावर त्याची कातडी रंगवून देवळात टांगली जाते. गॅलेरिअसच्या गुह्यभागी गळू होते, शस्त्रक्रिया फसतात, शरीर सडते, किडे पडतात. दुर्गंधी राजवाड्यातच नव्हे तर साऱ्या नगरीत पसरते. रोगाचे हे वर्णन जितके वैद्यकीय वाटते तितकेच ते अँटिओकसच्या कथेच्या वळणावर गेलेले आहे. विष घेतलेला मॅक्झिमिनस दाइआ मरताना देवाचे न्यायासन पाहतो. येथे लेखकाला समाधान लाभते, आणि ते तो झाकूनही ठेवत नाही.

या हिशेबात बसणार नाही ते त्याने वगळले, हे इतिहासाच्या अभ्यासकाने नमूद केलेच पाहिजे. नीरो आणि डोमिशन यांच्यानंतर तो एकदम डीशिअसवर येतो. मधल्या काळात चांगले राजे झाले आणि मंडळीला शांतता लाभली, असे सांगतो. प्रत्यक्षात १७७ मध्ये, मार्कस ऑरेलिअसच्या राजवटीत, लिआँ येथे ख्रिस्ती लोकांचा भीषण छळ झाला होता. तो तत्त्वज्ञ सम्राट काही किडे पडून मेला नाही.

तरीही या ग्रंथाला इतिहासकार विसरू शकत नाहीत. मृत्युशय्येवरील गॅलेरिअसने छळ थांबविण्याचे जे फर्मान काढले आणि जे ३० एप्रिल ३११ रोजी निकोमीडियात लावले गेले, त्याचा लॅटिन पाठ येथेच जपला गेला आहे. त्यात सम्राट ख्रिस्ती प्रजेला आपल्या आणि राज्याच्या कुशलासाठी त्यांच्या देवाकडे प्रार्थना करावयास सांगतो. लिसिनिअसने ३१३ मध्ये प्रसिद्ध केलेले धर्मस्वातंत्र्याचे पत्रही येथे आहे. ज्याचा देह सडत असताना लेखक आनंदतो, त्याच माणसाचा शेवटचा शहाणपणाचा शब्द त्याने काळजीपूर्वक उतरून ठेवला.

ग्रंथाचा खरा पेच अखेरीस येतो. विजयी लिसिनिअसने मॅक्झिमिनसचा आठ वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी यांना ठार केले. त्यांच्या आईला ओराँटीस नदीत बुडविले. तिनेही तेथे शीलवती स्त्रियांना बुडविले होते, अशी टीप लेखक जोडतो आणि सर्व अधर्म्यांना देवाच्या न्याय्य निवाड्याने आपापल्या कृत्यांचे फळ मिळाले, असा निष्कर्ष काढतो. सात वर्षांच्या मुलीचे कृत्य कोणते, हे मात्र तो सांगत नाही. यानंतर डायोक्लीशनची पत्नी प्रिस्का आणि मुलगी व्हॅलेरिया यांची हकीकत येते. व्हॅलेरिया ही गॅलेरिअसची विधवा. मॅक्झिमिनसची विवाहाची मागणी नाकारल्यामुळे ती हद्दपार झाली होती. पंधरा महिने वेष पालटून भटकल्यावर मायलेकी थेसलोनिकी येथे ओळखल्या गेल्या आणि त्यांचा शिरच्छेद झाला. येथे देवाचे नाव नाही. त्यांचे शील आणि त्यांचा दर्जा त्यांच्या नाशाला कारण झाला, एवढेच तो लिहितो. निवाड्याचे वाक्य आधीच संपलेले असते, आणि या दोन प्रेतांना त्यात जागा सापडत नाही.

काळानेही हा हिशेब विस्कटला. या ग्रंथात देवदूत ज्याला स्वप्नात प्रार्थना शिकवितो तोच लिसिनिअस पुढे ख्रिस्ती प्रजेवर उलटला. कॉन्स्टंटाइनने ३२४ मध्ये त्याचा पराभव केला आणि पुढच्या वर्षी त्याला मारविले. यूसीबिअसला आपल्या इतिहासातून त्याची स्तुती काढून टाकावी लागली. आणि ३२६ मध्ये कॉन्स्टंटाइनने स्वतःचा मुलगा क्रिस्पस यालाच देहदंड दिला. क्रिस्पसला लॅटिन शिकविले होते ते लॅक्टँशिअसनेच.

शतकानंतर, ४१० मध्ये रोमची लूट झाल्यावर, ऑगस्टीनला हाच प्रश्न उलट दिशेने भेटला. आता जुन्या दैवतांचे उपासक म्हणत होते की, दैवतांना सोडल्याची ही शिक्षा आहे. त्याने ४१३ पासून लिहावयास घेतलेल्या ‘ईश्वरनगरी’त उत्तर दिले की, या जगातील सुखदुःखे सज्जन-दुर्जनांना सारखीच येतात. कॉन्स्टंटाइनला दीर्घ राज्य लाभले खरे. पण धर्मनिष्ठ जोव्हिअन काही महिन्यांत गेला आणि ग्रेशिअन ३८३ मध्ये मारला गेला, याची तो आठवण देतो. राजांच्या मरणावरून देवाचा निवाडा वाचता येत नाही, हे त्याने मान्य केले होते. इजिप्तवरील दहा पीडांशी दहा छळांची जोडी लावणेही त्याने स्पष्टपणे नाकारले. अशी जोडी त्याचाच सहकारी ओरोशिअस याने लावली होती.

मध्ययुगाने ओरोशिअसला उचलून धरले. त्याच्या इतिहासाची दोनशेहून अधिक हस्तलिखिते आज उपलब्ध आहेत. लॅक्टँशिअसच्या या ग्रंथाचे एकच हस्तलिखित उरले, आणि तेही एतिएन बालूझने १६७९ मध्ये पॅरिस येथे छापेपर्यंत विद्वानांच्या नजरेआड होते.