इसवी सन १९६५ ते १९७० : लोकव्यवहाराचीं कागदी साधनें

जुने कागद म्हटले म्हणजे आमच्या संशोधक मंडळींच्या डोळ्यांपुढें मोडी लिपींतील रुमाल, सनदा, महजर आणि वसुलाचे ताळेबंद उभे राहतात. कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला, तेव्हां त्यांतील पानिपतच्या काळच्या पत्रांस सवाशेंहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. आज आम्ही ज्या काळाविषयीं लिहिणार आहों, त्यास अवघीं साठ वर्षें होत आहेत. कित्येक वाचक म्हणतील कीं, हा इतिहास नव्हे, ही तर आमच्या बाळपणची गोष्ट. तें खरें आहे. परंतु पानिपतच्या काळचे कागद राजवाड्यांच्या हातीं लागले, ते मधल्या चार पिढ्यांनीं फेकून दिले नाहींत म्हणून. १९६५–७० चे कागद फेकून देण्याचें काम मात्र आपल्या देखत, आणि पुष्कळदां आपल्याच हातून, चाललें आहे.

या पातकांत आम्हीही वाटेकरी आहों. जुनें बिऱ्हाड मोडतांना मातोश्रींच्या हिशेबाच्या वह्या, वाणसामानाच्या याद्या, मुदत संपलेलीं रेशनकार्डें आणि माजघरांतील तारेला टोंचून ठेवलेलीं पोस्टकार्डें आम्हीं वजनावर रद्दींत घातलीं. त्याच आठवड्यांत एका पेशवेकालीन फडदीवरील तुपाचा भाव लावण्यांत आम्हीं दोन रात्री घालविल्या होत्या! दोनशें वर्षांपूर्वींचें तूप काय भावानें मिळे, हें आम्हांस समजलें. आमच्या स्वतःच्या पानांत पडणारें तूप काय भावाचें होतें, हें सांगणारी वही त्याच दिवसांत तागडींत गेली. पुढें एका पोथीच्या फळ्यांमध्यें अडकून राहिलेलें एकच पोस्टकार्ड सांपडलें. त्या एका कार्डानें जें शिकविलें, तें येथें सांगण्याचा विचार आहे.

हें कार्ड आमच्या आत्याबाईंनीं कऱ्हाडाहून मातोश्रींस लिहिलेलें आहे. 'चि. सौ. वहिनीस अनेक आशीर्वाद वि. वि.' अशी आरंभींची रीत आहे. वर 'मार्गशीर्ष' इतकेंच लिहिलें असून वर्ष नाहीं. टपालाचा शिक्का पुसट झाल्यामुळें लागत नाहीं. मजकूर थोडा आहे : भूकंपास वर्ष होत आलें तरी रात्रीं भांडें वाजलें कीं जीव दचकतो, तुमच्याकडे पावशेर लोण्यास काय पडतें तें कळवावें, धाकट्याच्या हट्टाखातर गाण्यांची चोपडी घेऊन ठेविली आहे, ती येणाऱ्या माणसाबरोबर पाठवितें. अशा पत्राचा काळ कसा ठरवावा?

पहिला पुरावा तिकिटाचा. कार्डावर छापील मुद्रा सहा पैशांची आहे आणि तिच्या शेजारीं चार पैशांचें निराळें तिकीट लाविलेलें आहे. त्यावर कॉफीच्या फळांचें चित्र आहे. टपालाचे दर १५ मे १९६८ पासून वाढले. पोस्टकार्ड सहा पैशांचें दहा पैशांस झालें, अंतर्देशीय पत्र दहाचें पंधरास आणि पाकीट पंधराचें वीस पैशांस झालें. घरांत शिल्लक असलेलीं जुनीं कार्डें वांया जाऊं नयेत म्हणून लोक त्यांवर चार पैशांचें तिकीट लावीत. आणि कॉफीच्या फळांचें हें तिकीट त्याच दिवशीं प्रचारांत आलें. तेव्हां हें पत्र त्या तारखेपूर्वींचें असूं शकत नाहीं.

दुसरा पुरावा मजकुरांतील. कोयनानगरचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे झाला. सुमारें एकशें ऐंशीं माणसें दगावलीं आणि कऱ्हाड–पाटण भागांतील हजारों घरें पडलीं. त्यास 'वर्ष होत आलें' म्हणजे पत्र १९६८ च्या डिसेंबरांतील अकरा तारखेच्या अलीकडचें ठरतें. तिसरा पुरावा महिन्याचा. त्या वर्षींचा मार्गशीर्ष नोव्हेंबरच्या उत्तरार्धांत लागून डिसेंबरांत संपला. तिन्ही पुरावे एकमेकांस दुजोरा देतात, आणि वर्ष नसलेल्या पत्राचा काळ तीन आठवड्यांच्या आंत येऊन बसतो. शिवकालीन पत्रांचा काळ ठरवितांना याहून अधिक नेमकेपणा क्वचितच लाभतो. हेंच तिकीट कोणा हौशी संग्राहकानें वहींत चिकटविण्यासाठीं कापून घेतलें असतें, तर पहिला पुरावा कायमचा नाहींसा झाला असता.

चौथा एक पुरावा आहे, तो मात्र फसवा आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ मध्यें झाले आणि अनुच्चारित अनुस्वार लेखनांतून जाऊं लागले. यावरून एखादा अभ्यासक असें अनुमान करील कीं, 'घरांत', 'नाहीं' असें लिहिणारें पत्र १९६२ पूर्वींचें असावें. आत्याबाईंच्या कार्डावर सारे अनुस्वार जागच्या जागीं आहेत! नियम कागदावर बदलतात. हाताचें वळण आयुष्यभर टिकतें. प्रस्तुत लेखही याच वळणाचा आहे. शाळेंत आम्हीं मुलांस नवे नियम शिकविले. घरीं मात्र वडिलांनीं लाविलेलें वळण सोडवलें नाहीं. पुढील संशोधकानें यावरून आम्हांस १९५० पूर्वींचे समजूं नये, म्हणून हा लेख एकविसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांतील आहे, हें येथेंच नमूद करून ठेवितों.

आतां त्या 'पावशेर' लोण्याकडे वळूं. दशमान नाणीं १ एप्रिल १९५७ रोजीं सुरू झालीं. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि १९६४ च्या जूनपासून 'नवे' हें विशेषण गळून नुसते 'पैसे' राहिले. सरकारी कोष्टकाप्रमाणें एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस पैसे होत. वजनांच्या बाबतींत किलोग्रॅम १९६२ च्या एप्रिलपासून सक्तीचा झाला. तरी १९६८ सालीं आत्याबाई 'पावशेर' लिहितात, आणि बाजारांत 'चार आणे', 'बारा आणे' हे शब्द त्यानंतरही कित्येक वर्षें चालू राहिले.

येथें भाव लिहिणाऱ्यानें जपलें पाहिजे. ऐंशीं तोळ्यांचा जुना शेर सुमारें ९३३ ग्रॅमांचा. त्याचा पावशेर सुमारें २३३ ग्रॅमांचा. नव्या काळांत दुकानदार 'पावशेर' म्हणे, पण तागडींत २५० ग्रॅमांचें वजन टाकी. शब्द तोच, माल सातएक टक्के अधिक. वहींत १९६० सालीं 'पावशेर' आणि १९६८ सालींही 'पावशेर' असेल, तर दोहोंचे भाव थेट ताडून महागाई काढणारा चुकेल. शिवाय धान्य मापानें घेण्याची चाल खेडोपाडीं होतीच. पायलीचे शेर चार, पण तो शेर मापाचा, वजनाचा नव्हे. पेशवाईंतील खंडी-मणांचा घोळ सोडवितांना आपण ज्या अडचणी मोजतों, त्याच अडचणी आपल्या आईच्या वहींत आहेत. फरक इतकाच कीं, तिचा अर्थ सांगणारीं माणसें अद्याप हयात आहेत.

भावांच्या मागें काळाची ओढ दिसते. १९६५ आणि १९६६ या लागोपाठ दोन वर्षीं देशांत पावसानें दगा दिला. लालबहादुर शास्त्री यांनीं सोमवारीं रात्रीचें जेवण सोडण्याचें आवाहन केलें, तें याच टंचाईच्या तोंडीं. पुढें ११ जानेवारी १९६६ रोजीं ताश्कंद येथें त्यांचें निधन झालें. अमेरिकेहून 'पी. एल. ४८०' च्या कराराखालीं आलेला गहूं रेशनच्या दुकानांतून मिळे. ६ जून १९६६ रोजीं रुपयाचें अवमूल्यन होऊन डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. या साऱ्या मोठ्या घटनांचें घरगुती भाषांतर रेशनकार्डावर झालेलें असे. त्यावर कुटुंबांतील माणसांचीं नांवें असत, मोठीं किती, लहान किती हें असे, आणि कोणत्या आठवड्यास काय उचललें याच्या खुणा असत. पेशवाईंतील खानेसुमारीचा कागद मिळाला तर आम्ही तो डोक्यावर घेऊन नाचतों. ही घरोघरची खानेसुमारी मात्र मुदत संपतांच चुलींत जाई.

कोणी विचारील, बातम्या आणि करमणूक यांचा अशा कागदांशीं काय संबंध? पुष्कळ आहे. मुंबईस दूरचित्रवाणी २ ऑक्टोबर १९७२ रोजीं आली. तेव्हां १९ जुलै १९६९ रोजीं चौदा बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें, आणि दोनच दिवसांनीं, २१ जुलैच्या सकाळीं, माणसानें चंद्रावर पाऊल ठेविलें, या दोन्ही गोष्टी महाराष्ट्रानें पाहिल्या नाहींत. रेडिओवर ऐकिल्या व वर्तमानपत्रांत वाचिल्या. आम्ही त्या वेळीं प्राथमिक शाळेंत होतों. शेजारच्या ओटीवरील रेडिओभोंवतीं जमलेली मंडळी आम्हांस आठवते. रेडिओस टपालकचेरीचा परवाना लागे व तो वर्षास नवा करून घ्यावा लागे. आळींतील किती घरीं रेडिओ होता, याचा उत्तम पुरावा तीं परवान्याचीं पुस्तकेंच होत.

आणि ती गाण्यांची चोपडी! बुधवारच्या रात्रीं सिलोन रेडिओवर अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' ऐकावयाची, १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई–पुणें–नागपूर या केंद्रांच्या 'विविध भारती'वर जाहिरातींसह गाणीं ऐकावयाचीं, आणि शब्द पाठ करण्यासाठीं चित्रपटगृहाबाहेर मिळणारी चोपडी घ्यावयाची, असा क्रम होता. १९६९ च्या 'आराधना' चित्रपटानंतर तर मुलांनीं त्या चोपड्यांचीं पानें झिजवून टाकिलीं. वडीलधाऱ्यांच्या मतें तें केवळ थिल्लर वाङ्मय होतें. परंतु संस्कृताच्या अभ्यासकानें तें जरा निराळ्या दृष्टीनें पाहावें. एकाच गीताचे तीन पाठ असत : चोपडींतील, तबकडीवरील आणि पडद्यावरील. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. म्हणून पडद्यावरचें एखादें कडवें तींत गळे. चोपडींत जुळाऱ्याच्या चुका शिरत, आणि मुलें त्याच चुकांसह गीत पाठ करीत. प्रक्षेप, गळती आणि अपपाठ हे तिन्ही प्रकार येथें डोळ्यांदेखत घडतांना दिसतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत १९१९ सालीं आरंभिलेलें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें थोर कार्य १९६६ मध्यें सिद्धीस गेलें. त्या विद्वानांनीं शेंकडों हस्तलिखितें ताडून जें शास्त्र उभें केलें, त्याचा धडा त्याच शहरांतील पदपथावर पैशा-दोन पैशांच्या मालांतूनही घेतां आला असता.

घाई करण्याचें कारण कागदाच्या जातींतही आहे. दौलताबादी हातकागदावरील अठराव्या शतकांतील पत्र आजही लवचीक असतें आणि त्यावरील काजळाची शाई काळीभोर असते. १९६८ चें वर्तमानपत्र किंवा गाण्यांची चोपडी लांकडाच्या लगद्याची; तिचें पान आंतल्या आम्लानें पिवळें पडून घडीवर तुटतें. म्हणजे नवा कागद जुन्याच्या आधीं मरणार आहे.

यासाठीं संग्राहकांस आमची विनंती येणेंप्रमाणें आहे. पत्रावरील तिकीट कापूं नये. तारेला टोंचलेलीं पत्रें काढतांना त्यांचा क्रम मोडूं नये. तळाचें पत्र बहुधा सर्वांत जुनें असतें. हिशेबाची वही मिळाल्यास ती लिहिणाऱ्या घरांतील वृद्ध माणसास विचारून मापांचा व संक्षेपांचा अर्थ निराळ्या कागदावर टिपून ठेवावा. जीर्ण पानांचीं छायाचित्रें आजच घ्यावींत. आणि हयात माणसांच्या खाजगी गोष्टी त्यांच्या संमतीवांचून छापूं नयेत.

आत्याबाईंनीं लोण्याचा भाव विचारिला होता. मातोश्रींनीं उत्तर लिहिलें असेलच, आणि तो भाव त्यांच्या वहींतही असणार. उत्तराचें कार्ड कऱ्हाडास गेलें; आत्याबाईंच्या पश्चात् तें घरही राहिलें नाहीं. वही आम्हीं विकली. तुपाच्या भावाची पेशवेकालीन फडदी मात्र आमच्या संग्रहीं सुरक्षित आहे. वाचकांपैकीं कोणाच्या माळ्यावर १९६८ सालची अशी एखादी वही असेल, तर त्यांनीं ती रद्दींत घालण्यापूर्वीं एकदां उघडून पाहावी.