सहस्रांश सेकंदाचा खेळ

टेबल टेनिसमधील वेगवान फटके पाहताना सारी किमया ताकदीची आहे, असे वाटते. प्रत्यक्षात चेंडूचे वजन अवघे २.७ ग्रॅम असते. बॅटच्या रबराला त्याचा स्पर्श होतो तो जेमतेम एक सहस्रांश सेकंद. हा स्पर्श केव्हा आणि कसा घडतो, यावरच फटक्याचे यश अवलंबून असते.

स्पर्शाची वेळ
टेबलावर टप्पा पडल्यावर चेंडूच्या प्रवासाचे तीन टप्पे होतात. चेंडू वर चढत असतानाच टोलवला, तर प्रतिस्पर्ध्याला सावरण्यास वेळ मिळत नाही. 'ब्लॉक' बहुधा याच क्षणी केला जातो. उसळीच्या सर्वोच्च बिंदूवर १५.२५ सेंटिमीटर उंचीच्या जाळ्याचा अडसर सर्वांत कमी भासतो. 'स्मॅश'साठी हा क्षण उत्तम. टेबलापासून दूर राहून बचाव करणारा खेळाडू मात्र चेंडू खाली उतरू देतो आणि मग 'चॉप' करतो.

स्पर्शाची जागा
बॅट चेंडूवर सरळ आदळली, तर वेग मिळतो. ती खालून वर घासत नेली, तर 'टॉपस्पिन' मिळते आणि चेंडू झपकन खाली वळतो. चेंडूच्या खालच्या बाजूने बॅट घासली, तर 'बॅकस्पिन' मिळते. असा चेंडू बॅट उभी धरून परतवू पाहणाऱ्याचा फटका हमखास जाळ्यात जातो.

मुंबईचा धडा
वेळेचे हे गणित किती नाजूक असते, हे १९५२ मध्ये मुंबईत दिसले. आशियातील या पहिल्या जागतिक स्पर्धेत जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन उतरला. त्या बॅटवरून चेंडू जवळपास निःशब्द सुटे. आवाजावरून फटक्याचा अंदाज बांधणारे मातब्बर खेळाडू गोंधळले आणि सातो पुरुष एकेरीत जगज्जेता ठरला. पुढे १९५९ मध्ये रबर व स्पंजच्या जाडीवर नियमाने मर्यादा आली. २००० मध्ये चेंडूचा व्यास ३८ वरून ४० मिलिमीटर झाला, तेव्हाही खेळाडूंना आपली वेळ नव्याने जुळवावी लागली.

नवोदितांनी म्हणूनच जोराचा मोह आवरावा. पाय वेळेवर हलले, तरच चेंडू शरीराच्या पुढे गाठता येतो. उशीर झाला, की उरते ती केवळ मनगटाची धडपड.