त्सुफेनहाउझेन

जर्मनीतील बाडेन-व्ह्यूर्टेंबेर्ग राज्याची राजधानी श्टुटगार्ट हिचा उत्तरेकडील प्रभाग. क्षेत्रफळ सु. 12 चौ. किमी.; लोकसंख्या सु. 38,000. उत्तरेस कोर्नवेस्टहाइम हे शहर, पूर्वेस म्यूलहाउझेन व नैर्ऋत्येस फॉयरबाख हे प्रभाग आहेत.

भूरचना : श्टुटगार्टचा मध्यभाग टेकड्यांनी वेढलेल्या खोलगट भागात वसला आहे; त्सुफेनहाउझेन मात्र त्या टेकड्यांच्या पलीकडे, जेथून ‘लांगेस फेल्ट’ हे सपाट पठार सुरू होते, त्या कडेवर आहे. येथील खडक ट्रायासिक काळातील असून दख्खनच्या सु. 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टाहून कितीतरी जुने आहेत. तळाशी उथळ समुद्रात साचलेला, शंखशिंपल्यांचे अवशेष असलेला चुनखडक, तर त्यावर मातकट व जिप्समयुक्त थर आढळतात. पठारावर लोएस मातीचे आवरण आहे. दख्खनची काळी माती मुख्यतः बेसाल्टाची झीज होऊन तयार झाली. लोएस मात्र हिमयुगात वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक धुळीची बनली आहे. ही माती सुपीक व कसण्यास सोपी असल्याने नवाश्मयुगीन शेतकरी या परिसरात स्थिरावले. म्यूलहाउझेनमधील फीझेनहॉयझर होफ येथे त्यांची दफनभूमी सापडली आहे.

जलप्रवाह : बोटनांगजवळच्या वनात उगम पावणारा फॉयरबाख ओढा फॉयरबाख व त्सुफेनहाउझेनमधून वाहत म्यूलहाउझेन येथे नेकार नदीस मिळतो. दाट वस्तीत त्याचा काही भाग बंदिस्त केला आहे. त्सुफेनहाउझेनमधील त्सात्सेनहाउझेन या भागाच्या पुढे मात्र त्याने चुनखडकात अरुंद दरी कोरली आहे.

हवामान : समशीतोष्ण. वार्षिक पर्जन्य सर्वसाधारणपणे 600 ते 700 मिमी. असून तो वर्षभर विखुरलेला असतो; उन्हाळ्यात त्याचे प्रमाण तुलनेने अधिक असते.

वस्ती : सपाट जमिनीमुळे रस्ते, लोहमार्ग व कारखाने यांना येथे सहज जागा मिळाली. 1846 मध्ये श्टुटगार्ट–लुडविग्सबुर्ग लोहमार्ग सुरू झाला. पुढे काल्वकडे जाणारा फाटाही येथूनच निघाला. 1907 मध्ये त्सुफेनहाउझेनला शहराचा दर्जा मिळाला व 1931 मध्ये ते श्टुटगार्टमध्ये विलीन झाले. 1938 मध्ये पोर्शचा कारखाना येथे आला. दुसऱ्या महायुद्धानंतर निर्वासितांसाठी उभारलेली ‘रोट’ वसाहत पठारावरील शेतांवर पसरली. जी जमीन प्राचीन काळी शेतीसाठी निवडली गेली, तिचा बराच भाग आता घरे, रूळ व कारखाने यांखाली आहे.