जबड्याचा पाया

दात पडला की त्याच्यासाठीच उभे असलेले जबड्याचे हाड चर्वणाचा भार न मिळाल्याने हळूहळू झिजू लागते. गेलेला दात परत बसविण्यापूर्वी पुष्कळदा हा पायाच नव्याने भरावा लागतो.

ही विद्या पहिल्या महायुद्धात कसास लागली. खंदकांतील लढाईत असंख्य सैनिकांचे जबडे गोळ्यांनी छिन्न झाले. इंग्लंडात सिडकप येथे १९१७ साली उघडलेल्या रुग्णालयात हॅरल्ड गिलीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे चेहरे पुन्हा घडविले. जबड्यातील खिंड सांधण्यासाठी त्यांनी जखमी सैनिकाच्याच कमरेचे किंवा बरगडीचे हाड वापरले.

पुढचा धागा स्वीडनमध्ये मिळतो. पेर-इंग्वर ब्रोनेमार्क यांनी १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात टायटेनियमची नळी बसविली होती. ती काढू गेले तर निघेना. हाड धातूशी एकजीव झाले होते! १९६५ साली गोथेनबर्ग येथे त्यांनी मनुष्याच्या जबड्यात टायटेनियमचे स्क्रू रोवून त्यांवर दात उभारले.

परंतु ज्यांचे हाडच उरले नव्हते, त्यांनी स्क्रू रोवावा कशात? अशांसाठी त्यांच्याच नडगीच्या हाडाचे कलम वापरून ब्रोनेमार्क आणि त्यांचे सहकारी ब्राइने यांनी आपला अनुभव १९८० साली प्रसिद्ध केला.

कलमाचे हाड म्हणजे मुख्यतः पराती. रक्तवाहिन्या तीत शिरतात, जुने हाड विरते, नवे रचले जाते. यास कित्येक महिने लागतात. पाया मुरल्याशिवाय शहाणा गवंडीही भिंत चढवीत नाही.