लोकगायनातील घराणे आणि ध्वनिमुद्रण : शिंदे परिवाराच्या तीन पिढ्या

प्रस्तावना :
संगीताच्या संदर्भात ‘घराणे’ हा शब्द मराठीत प्रामुख्याने शास्त्रीय गायनासाठी योजला जातो. ग्वाल्हेर, किराणा, जयपूर-अत्रौली यांचा इतिहास लिहिला गेला. लोकगायक कुटुंबांच्या वाट्याला तो मान क्वचितच आला. प्रल्हाद शिंदे यांच्या परिवाराच्या आधारे या भेदाचा पुनर्विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

परंपरेचे वहन :
प्रल्हाद शिंदे (१९३३-२००४) यांच्यावर गायनाचा पहिला संस्कार आई-वडिलांच्या भजन-कीर्तनातून झाला. पुढे कव्वाली, विठ्ठलाची भक्तिगीते आणि भीमगीते हे तिन्ही प्रकार त्यांनी सारख्याच खड्या, उंच पट्टीच्या आवाजात गायिले. आनंद व मिलिंद या पुत्रांनी तोच आवाज कॅसेटच्या काळात घरोघरी नेला. नातू आदर्श यांनी ‘दुनियादारी’ (२०१३) या चित्रपटातील गाण्यातून तो नव्या श्रोत्यांपर्यंत पोहोचविला. माध्यमे बदलली, आवाजाचा खुला लगाव पिढीजात राहिला.

अमेरिकेतील ब्लूग्रास संगीताचा इतिहास येथे तुलनेस उपयुक्त ठरतो. त्याचे प्रवर्तक बिल मन्रो (१९११-१९९६) यांनी मामाच्या व्हायोलिनवादनातून लोकधून आत्मसात केली. परंतु १९३९ पासून नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमामुळे ते संगीत देशभर पोहोचले. पुत्र जेम्स त्यांच्याच वाद्यवृंदात घडले. घरातील शिकवण आणि यंत्रयुगातील प्रसार तेथेही परस्परपूरक ठरले.

मेहकरलाही हा अनुभव अपरिचित नाही. येथे वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे (१९०९-२०००) यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या ध्वनिमुद्रिकेमुळेच महाराष्ट्रभर गेली.

निष्कर्ष :
परंपरा म्हणजे जुन्याची तंतोतंत पुनरावृत्ती नव्हे; वारसा आणि नवे माध्यम यांच्या संयोगातून ती टिकते. या अर्थाने शिंदे परिवारास ‘घराणे’ म्हणणे इतिहासदृष्ट्या उचित ठरते. मात्र अशा घराण्यांचा पुरावा कॅसेटमध्ये आहे, आणि चुंबकीय फीत काळाच्या ओघात झिजते. ध्वनिमुद्रणापर्यंत न पोहोचलेल्या भजनी मंडळांचा व कलापथकांचा पुरावा तर केवळ वृद्धांच्या स्मरणात उरतो. म्हणून महाविद्यालयांतील इतिहास व मराठी विभागांनी आपापल्या तालुक्यातील गायक कुटुंबांच्या मुलाखती आणि जुन्या फिती संकलित करणे अगत्याचे आहे. हे काम लांबणीवर पडल्यास लोकगायनाचा इतिहास लिहिण्याचे साधनच हातून निसटेल.