पुरवठादाराची उधारी आणि कंपनीचे दान

मोठी कंपनी बँकेकडून कर्ज घेते, हे सर्वांना दिसते. पण ती लहान कारखानदाराकडूनही कर्ज घेत असते, याबद्दल सहसा कुणी बोलत नाही. माल आज उचलायचा, पैसे तीन महिन्यांनी द्यायचे. तेवढे दिवस पुरवठादाराचे भांडवल कंपनी वापरते, बहुधा बिनव्याजी. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांना हे वेगळे सांगायला नको.

उधारीचा हा प्रश्न जुना आहे. कुराणातली सर्वांत मोठी आयत (अल-बकरा, 282) नमाज-रोजाबद्दल नाही, मुदतीच्या देण्याघेण्याची लेखी नोंद ठेवण्याबद्दल आहे.

आपल्याकडे कायदा उशिरा आला. 1993 मध्ये लघुउद्योगांच्या थकलेल्या पैशांवर व्याज देण्याचा कायदा झाला. 2006 च्या कायद्याने मुदत बांधली: लेखी करार नसेल तर 15 दिवस, असला तरी 45 पेक्षा जास्त नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. पण हे व्याज मागायला जाणार कोण? मागितले की पुढची ऑर्डर जाण्याची धास्ती! अखेर 2023 मध्ये प्राप्तिकरात दुरुस्ती झाली. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येत नाहीत.

दरम्यान 2013 च्या कंपनी कायद्यात कलम 135 आले. ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. नेहमीच्या धंद्यात केलेले काम त्यात मोजत नाहीत. म्हणजे विणकराचे बिल वेळेवर चुकवणे हे सामाजिक जबाबदारीच्या हिशेबात कुठेच बसत नाही.

चीनमधील कंपन्यांच्या काही अभ्यासांत आढळले, की सामाजिक जबाबदारीत पुढे असलेल्या कंपन्यांना पुरवठादार जास्त उधार देतात. नाव चांगले, म्हणून भरवसा जास्त. हे पटण्यासारखे आहे. तरी मला एक शंका येते. ताळेबंदात उधारीचा आकडा असतो. ती भरवशाने दिली की नाइलाजाने, हे त्यात लिहिलेले नसते. ज्याचा एकच गिऱ्हाईक, तो नाही कसा म्हणेल?

2006 च्या कायद्यानेच लहान उद्योगांची थकबाकी आणि तिच्यावरचे व्याज वार्षिक हिशेबात दाखवणे बंधनकारक केले आहे. त्यामुळे मी कंपनीचा अहवाल हाती घेतला, की दोन पाने शेजारी ठेवतो. एकावर दत्तक शाळेतल्या मुलांचे फोटो असतात. दुसरे पान हिशेबाच्या टिपांमध्ये, बारीक अक्षरात सापडते.